तळणीचा साहेब आणि माझा एच-इंडेक्स

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधे परीक्षा, मग पेपर तपासणी, मग घराला रंग... कारणं काय, मागाल तेवढी आहेत. परवा अमरावतीच्या मावशीनं फोनवर विचारलं, "तू लिहिणं सोडलंस का रे?" तेव्हा मात्र लाज वाटली. मावशी, हे तुझ्यासाठी. थोडं फिजिक्स आहे, पण पळून जाऊ नकोस. एस.टी.च्या हॉर्नच्या पलीकडे काही अवघड नाही.

तर झालं असं, की माझा प्रमोशनचा फॉर्म आला. आमच्या धंद्यात प्रमोशन म्हणजे फाइल. किती तास शिकवलं, किती कमिट्यांवर होतो, वृक्षारोपणाला हजर होतो का (फोटोसह), आणि शेवटी संशोधन. त्या संशोधनाच्या पानावर दोन चौकोन होते: एकूण सायटेशन्स किती, आणि एच-इंडेक्स किती.

सायटेशन म्हणजे कुणीतरी आपल्या शोधनिबंधात तुमच्या शोधनिबंधाचा हवाला देणं. बास. ज्याचे हवाले जास्त, त्याचं काम जास्त कामी आलं, असा हिशेब. साठच्या दशकात अमेरिकेत यूजीन गारफील्ड नावाच्या माणसानं या हवाल्यांची सूची छापायला सुरुवात केली. त्याचा मूळ हेतू साधा होता, एका लेखावरून त्याच्याशी संबंधित पुढचे लेख सापडावेत. वाचनालयाची सोय. पुढे तीच माणसं मोजायची पट्टी झाली. एच-इंडेक्स त्यानंतरचा, २००५ सालचा. हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं काढला. तुमचे दहा लेख असे असतील की प्रत्येकाचा निदान दहा वेळा हवाला दिलाय, तर तुमचा एच दहा. माझा तीन आहे.

हसू नका. यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या कॉलेजात, जिथे प्रयोगशाळेतला स्पेक्ट्रोमीटर माझ्यापेक्षा वयानं मोठा आहे, तिथे तीन म्हणजे अगदीच वाईट नाही. पण हा तीन कसा झाला ते सांगायला हवं, कारण खरी गोम तिथेच आहे.

माझ्या तीनच लेखांचा कुणी हवाला दिलेला आहे. एकाचा पाच वेळा, तो माझ्या पीएच.डी.चा, पातळ थरांवरचा. चार वर्षं त्याच्यावर घासली होती. दुसऱ्याचा तीन वेळा. आणि तिसऱ्याचा अकरा वेळा! हा तिसरा लेख मी काही वर्षांपूर्वी साडेतीन हजार रुपये भरून छापून आणला. जुन्याच मोजमापांचे आलेख जरा फिरवले, शीर्षक बदललं, पाठवला. तिसऱ्या दिवशी "अभिनंदन" असं उत्तर आलं. कुणी वाचल्याची एकही खूण नव्हती. एक स्पेलिंग तर मीच चुकवलं होतं, ते तसंच छापलं. आणि अकरा हवाले? ते आम्ही एका उजळणी वर्गात भेटलेल्या सहा-सात जणांनी वाटून घेतले. तू माझा दे, मी तुझा देतो. लग्नातल्या आहेरासारखं. वहीत लिहून ठेवायचं आणि पुढच्या लग्नात परत करायचं.

हे आजवर मी कुणालाच सांगितलं नव्हतं. घरीसुद्धा नाही.

फॉर्ममध्ये तो लेख धरला तर आकडा पुरा होतो. वगळला तर एक लेख कमी पडतो, सायटेशन्स आठ होतात आणि एच दोनावर येतो. मी स्टाफरूममध्ये पेन हातात धरून बसलो होतो, तर शेजारचे सर म्हणाले, "भरून टाका ना बाप्पा. कोन वाचून राह्यलं?" त्यांचं चूक नव्हतं. कुणीच वाचत नाही. तीच तर अडचण होती.

त्या रात्री काम होतं वेगळंच. आमच्या तिसऱ्या वर्षाच्या पोरांचा सूर्यडागांचा प्रकल्प चालू आहे. दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडायची, डाग पेन्सिलनं टिपायचे, तारीख-वेळ लिहायची. (दुर्बिणीला डोळा लावून सूर्य बघायचा नाही, कधीच नाही. हे मी पोरांना इतक्या वेळा सांगतो की ती माझ्या आधी म्हणून दाखवतात.) आदित्य-एल१ सप्टेंबर २०२३ मध्ये उडालं आणि ६ जानेवारी २०२४ ला आपल्या जागी पोचलं, तेव्हापासून पोरांना सूर्याचं वेड लागलंय. त्यावरचा एक कॅमेरा पुण्याच्या आयुकात तयार झालाय हे कळल्यावर तर फारच. त्यांच्यासाठी डागांबद्दल काही सोपं मिळतंय का बघत होतो. खगोलशास्त्राच्या लेखांची नासाची एक मोठी सूची इंटरनेटवर फुकट आहे, तिथे शोधता शोधता एक १९०९ सालचा लेख समोर आला. जॉन एव्हरशेड, सूर्यडागांतल्या त्रिज्येच्या दिशेनं होणाऱ्या हालचाली. जेमतेम चार-पाच पानांचा. आणि त्याचे हवाले देणाऱ्यांत आताआताची मंडळी! शंभर वर्षं उलटून गेल्यावर!

एव्हरशेड हे नाव मला बी.एस्सी.पासून माहीत होतं, म्हणजे "एव्हरशेड परिणाम" या शब्दापुरतं. माणूस कोण होता, काही पत्ता नव्हता. आणि मग वाचता वाचता एका ओळीशी मी थांबलो. २२ जानेवारी १८९८ चं खग्रास सूर्यग्रहण त्यानं भारतात पाहिलं. कुठे? तळणी.

आता यवतमाळकरांना तळणी सांगायची गरज नाही, पण पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांसाठी: आम्हाला मुंबई-नागपूर लाइनची गाडी पकडायची तर धामणगावला जावं लागतं. यवतमाळहून बाभूळगावमार्गे धामणगाव. तिथून पुलगावकडे निघालं की पुढचं छोटं स्टेशन तळणी. आयुष्यभरात मी त्या पाटीवरून किती वेळा गेलो असेन! एक्सप्रेस तिथे थांबत नाही, त्यामुळे पिवळी पाटी वाचेपर्यंत मागे जाते. तिथे, आमच्या दारात, हा माणूस सूर्याचे फोटो काढायला येऊन गेला होता.

तो एकटा नव्हता. ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन ही हौशी लोकांची संस्था, तिची तुकडी तळणीला उतरली होती. त्यात वॉल्टर मॉण्डर आणि त्याची बायको अ‍ॅनी मॉण्डरही होती. या अ‍ॅनीबाई ग्रिनिचच्या वेधशाळेत सूर्याचे फोटो मोजण्याचं काम करायच्या. १८९५ ला लग्न झालं आणि नोकरी गेली, कारण लग्न झालेल्या बाईला तिथे ठेवत नसत. तळणीला त्यांनी स्वतःच्या कॅमेऱ्यानं सूर्याच्या प्रभामंडळाचा फोटो घेतला, त्यात एक किरण इतका लांब आला की तोवर कुणाच्या फोटोत तेवढा लांब आलेला नव्हता. पुढे १९०४ मध्ये डागांचा तो प्रसिद्ध फुलपाखरासारखा आलेख या नवरा-बायकोनं मिळून काढला. निबंधावर नाव फक्त नवऱ्याचं. सायटेशनच्या हिशेबात बाईंच्या खात्यावर शून्य. बघा म्हणजे, पट्टी कुठून कुठे वाकडी असते.

त्या दिवशी महाराष्ट्रभर साहेबांचे तंबू पडले होते. नॉर्मन लॉकियर विजयदुर्गला, अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेल जेऊरला, पुण्याचे कावसजी नायगमवाला तेही जेऊरला, आणि आणखी एक तुकडी आमच्या शेजारच्या पुलगावला. सावलीचा पट्टा कोकणातून घुसून तिरका वऱ्हाड-नागपूरवरून वर गेला. तेव्हा आमच्या जिल्ह्याचं नावही यवतमाळ नव्हतं, वणी जिल्हा म्हणत. नाव बदललं १९०५ मध्ये. दुष्काळाचं सावट नुकतं कुठे सरलं होतं, पुण्या-मुंबईत प्लेग होता, टिळक तुरुंगात होते. आणि वार होता शनिवार. म्हणजे शनी अमावास्या, त्यात खग्रास! लोकांनी काय काय म्हटलं असेल ते तुम्हीच समजून घ्या.

एव्हरशेड तेव्हा चौतिशीत येत होता. शिक्षण म्हणाल तर विद्यापीठाची पदवी नाही. लंडनमध्ये एका कंपनीत नोकरी, आणि फावल्या वेळात घराच्या आवारातल्या वेधशाळेतून सूर्य. दुर्बीणही कशी मिळाली, तर रॅनयार्ड नावाच्या जाणकार मित्रानं मरताना त्याच्या नावे करून ठेवली. आजच्या नियमानं हा माणूस आमच्या कॉलेजात तासिका तत्त्वावरसुद्धा लागला नसता. नेट नाही, सेट नाही, पीएच.डी. तर नाहीच.

तळणीला त्यानं प्रिझम लावलेल्या कॅमेऱ्यानं ग्रहणाच्या काठावरच्या काही सेकंदांचा वर्णपट टिपला. चंद्र सूर्याला पुरा झाकतो त्या क्षणी सूर्याच्या वातावरणाचा पातळ थर एकटा चमकतो. एरवी वर्णपटात काळ्या दिसणाऱ्या रेषा तेवढ्यापुरत्या उजळ होतात. त्याच्या फोटोत हायड्रोजनच्या रेषा जांभळ्याच्याही पलीकडे एकमेकींच्या जवळ जवळ येत एका ठिकाणी संपल्या, आणि त्या संपल्यावर पुढे एक फिकट, सलग उजेड होता. रेषा संपल्यावर उजेड कसला? याचं नीट उत्तर मिळायला बोरचा अणू यावा लागला, १९१३ साली. मोकळा फिरणारा इलेक्ट्रॉन हायड्रोजनच्या केंद्राकडे ओढला जाऊन अडकला की तो उजेड निघतो. १८९८ मध्ये इलेक्ट्रॉनचा शोध लागून जेमतेम वर्ष झालं होतं. तळणीच्या काचेवर आलेली खूण पंधरा वर्षं अर्थाची वाट बघत थांबली. आमच्या फॉर्मवर "गेल्या पाच वर्षांतील सायटेशन्स" असाही एक रकाना आहे. असो.

इथे मला फार गंमत वाटते ती त्याच्या नशिबाची. ग्रहणांनी त्याला आयुष्यभर छळलं. १८९६ ला नॉर्वेत गेला, ढग. १९०० ला अल्जीरियात गेला, तिथे तो काठावरचा क्षण जास्त वेळ मिळावा म्हणून मुद्दाम सावलीच्या पट्ट्याच्या कडेला बसला, आणि पट्टा किंचित बाजूनं निघून गेला! १९०५ ला स्पेन, पुन्हा ढग. पुढे १९२२ ला ऑस्ट्रेलियात यंत्रानं दगा दिला. ऐन भरात जमलेलं काय ते आमचं तळणीचं. (वऱ्हाडात जानेवारीत आभाळ कसं असतं ते तुम्हाला माहीतच आहे. घासूनपुसून ठेवलेल्या परातीसारखं.) नॉर्वेची फेरी तरी पुरती फुकट गेली असं म्हणता येणार नाही. त्या प्रवासात मेरी ऑर नावाची मुलगी भेटली. तीही ताऱ्यांच्या नादातली, आणि वर दान्ते या इटालियन कवीची अभ्यासक. १९०६ मध्ये लग्न झालं.

त्याच वर्षी त्याला कोडाइकनालच्या वेधशाळेत नेमणूक मिळाली. हौशी माणसाला बेचाळिसाव्या वर्षी पहिली खगोलशास्त्राची नोकरी! आणि तीन वर्षांच्या आत, ५ जानेवारी १९०९ ला, त्यानं ते पाहिलं, ज्याला आज त्याचं नाव आहे.

आता एस.टी.चा हॉर्न. गाडी आपल्याकडे येताना हॉर्न बारीक वाटतो, पुढे निघून गेली की जाडा होतो. उजेडाचंही तसंच. वायू आपल्याकडे येत असेल तर त्याच्या वर्णपटातली रेषा जांभळ्याकडे सरकते, दूर जात असेल तर तांबड्याकडे. आदल्याच वर्षी, १९०८ मध्ये, अमेरिकेत हेलनं डागांमध्ये चुंबकत्व असतं हे दाखवलं होतं, आणि डाग म्हणजे सूर्यावरची वावटळ, भोवरा, असं तेव्हा वाटत होतं. साहजिकच एव्हरशेडला गोल फिरणं दिसेल अशी अपेक्षा. त्यानं डागावर फट आडवी ठेवली, उभी ठेवली, मोजलं. भोवरा असता तर सूर्याच्या कडेला समांतर फट ठेवल्यावर रेषा सरकायला हव्या होत्या. त्या सरकल्याच नाहीत. फट सूर्याच्या केंद्राकडून कडेकडे जाईल अशी ठेवली, तेव्हा मात्र रेषा तिरप्या झाल्या. डागाच्या कडेकडच्या बाजूला तांबड्याकडे, केंद्राकडच्या बाजूला जांभळ्याकडे. आणि डाग सूर्याच्या अगदी मधोमध आला की सगळं गप्प. याचा अर्थ एकच. वायू गोल फिरत नाही, डागाच्या मधून बाहेर, पृष्ठभागाला आडवा, चहूकडे वाहतो. तव्यावर घावनाचं पीठ ओतल्यावर पसरतं तसा. वेग सेकंदाला दोनेक किलोमीटर. यवतमाळहून धामणगावला अर्ध्या मिनिटाच्या आत पोचाल.

मला आवडलं ते हे, की त्याला भोवरा हवा होता आणि मिळाला नाही, आणि जे मिळालं तेच त्यानं लिहिलं. हेलसारख्या बड्या माणसाच्या कल्पनेविरुद्ध. आलेख फिरवले नाहीत. (हे वाक्य मी तीनदा खोडलं होतं. राहू दे.)

त्यानं तो शोध कुठे छापला? एक लेख लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात, आणि सविस्तर हकिगत कोडाइकनालच्या वेधशाळेच्या स्वतःच्या बुलेटिनात. म्हणजे आमच्या भाषेत "स्थानिक प्रकाशन", गुण शून्य. १९११ ला तो संचालक झाला, १९१५ ला रॉयल सोसायटीचा फेलो, १९१८ ला सुवर्णपदक. १९२३ मध्ये निवृत्त होऊन इंग्लंडला गेला आणि तिथे घरीच वेधशाळा बांधून पुन्हा सूर्य मोजत बसला. १९५६ साली गेला, ब्याण्णव वर्षांचा होऊन. कोडाइकनालला शंभरावर वर्षं रोज घेतलेल्या सूर्याच्या फोटोंच्या काचा आता संगणकावर चढवल्यात, आणि त्यावर जगभरचे लोक लेख लिहितात. ज्यांनी रोज सकाळी उठून त्या काचा लावल्या, त्या सहायकांची नावं कुठल्याच एच-इंडेक्समध्ये नाहीत.

आणि सायटेशनचं म्हणाल तर एव्हरशेडचं आणखीच विचित्र झालं. शोध इतका रुळला की लोक नुसतं "एव्हरशेड प्रवाह" लिहितात, मूळ लेखाचा हवाला देत नाहीत. नाव वाक्यात गेलं, यादीतून गळलं. मर्टन नावाच्या समाजशास्त्रज्ञानं या प्रकाराला एक शब्दही दिलाय, त्याचा अर्थ साधारण "सामावून घेऊन पुसून टाकणं". आपण "अमुक पाणी एचटूओ असते" लिहिताना कुणाचा हवाला देतो का? तसं. म्हणजे फार यशस्वी झालात तर आकडा उलट कमी होतो! २००८ मध्ये शोधाच्या शताब्दीनिमित्त बंगळूरला परिषद भरली, भारतीय टपाल खात्यानं एव्हरशेड परिणामाचं तिकीटही काढलं. टपाल तिकिटाला आमच्या फॉर्ममध्ये किती गुण, ते विचारायला हवं.

आपल्याकडचं उदाहरण सांगायचं तर कुमार चित्रे. मुंबईचे, केंब्रिजला शिकून आलेले, मग टाटा इन्स्टिट्यूटमध्ये आयुष्य काढलं. त्यांचं सुरुवातीचं काम सूर्यडागांच्या रचनेवर, १९६३ चं. पुढे सूर्याच्या थरथरण्यावरून त्याच्या पोटात काय चाललंय ते शोधण्याच्या कामात एच. एम. अंतिया आणि सर्बानी बसू यांच्याबरोबर त्यांचे कितीतरी लेख आहेत. २०१२ ला पद्मभूषण मिळालं, २०२१ च्या जानेवारीत गेले. निवृत्तीनंतरही मुंबई विद्यापीठाच्या आवारात बी.एस्सी.च्या वयाच्या पोरांना शिकवत राहिले. त्यांच्या लेखांचे हवाले मोजता येतात. त्या पोरांचे कसे मोजणार?

हां, तर मी सांगत होतो तळणीचं.

सकाळी चहा घेताना बाबांना म्हटलं, बाबा, १८९८ साली आपल्या भागात खग्रास ग्रहण झालं होतं, माहीत आहे? बाबा आता ब्याऐंशीचे. आमचं मूळ गाव बाभूळगाव तालुक्यातलं. ते पेपर खाली ठेवून म्हणाले, "कोणत्या महिन्यात?"

"जानेवारी. पौषी अमावास्या."

"दुपारी?"

"हो, दुपारीच. तुम्हाला कसं माहीत?"

मग त्यांनी सांगितलं ते मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. त्यांची आजी, म्हणजे माझी पणजी, सांगायची की ती सात-आठ वर्षांची असताना भर दुपारी रात्र झाली होती. ती वावरात होती. जवारीचं राखण करायला बसवलं होतं. पाखरं एकदम झाडावर गेली, गार वारा सुटला, चांदण्या दिसल्या, आणि ती पाटीखाली डोकं घालून बसली. तिच्या आईनं तिला शोधून आणून आंघोळ घातली, थंड पाण्यानं, त्या थंडीत. पुढे ही गोष्ट ती सांगायला लागली की घरातले सगळे हसायचे. दिवसा चांदण्या! म्हातारी काहीही सांगते. बाबाही हसायचे. "मी तर तिला चिडवायचो," ते म्हणाले. "रेडिओवर कधी ग्रहणाचं सांगितलं की म्हणायचो, आजी, पाटी आणू का?"

मी त्यांना स्क्रीनवर सावलीच्या पट्ट्याचा नकाशा दाखवला. तळणी पट्ट्याच्या आत. बाभूळगाव तिथून हाकेच्या अंतरावर. त्यांनी चष्मा बदलला. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे म्हातारी खरं सांगून राह्यली होती."

ती १९५५ मध्ये गेली. सत्तर वर्षांनी तिचा पहिला हवाला.

बाबा दिवसभर गप्प होते. संध्याकाळी म्हणाले, तळणीला जाऊन येऊ का?

म्हणून मागच्या रविवारी आम्ही गेलो. मी, बाबा, मुलगी, आणि पोरांची ती दुर्बीण, तिसऱ्या वर्षाच्या दोन पोरांसकट. बाभूळगावला थांबून भजी खाल्ली. कपाशीचा हंगाम, त्यामुळे रस्त्यानं गाड्याच गाड्या, पांढरा कापूस काट्यांना अडकलेला. तळणीला स्टेशनवर विचारलं, एकशेवीस-पंचवीस वर्षांपूर्वी इथे कुठे इंग्रजांनी दुर्बिणी लावल्या होत्या? चहावाल्यानं आम्हाला आधी सर्व्हेवाले समजलं. "जमिनीचं काई हाय का?" म्हणाला. नाही म्हटल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला. मॉण्डरनं संपादित केलेलं "द इंडियन एक्लिप्स १८९८" नावाचं पुस्तक आहे, त्यात या तळावरची हकिगत आहे, पण गावात खूण म्हणून काही नाही. पाटी नाही, दगड नाही. शोधत बसलो नाही आम्ही. स्टेशनाबाहेर निंबाखाली तिपाई उभी केली, कागद लावला, सूर्य पाडला.

डाग भरपूर होते. सूर्याचं हे चक्र २०२४ च्या सुमारास ऐन भरात होतं, अजून पुरतं ओसरलेलं नाही. एक मोठा डाग कडेकडे निघाला होता, मधे काळा, भोवती करड्या झालरीसारखं. ती झालर म्हणजेच एव्हरशेडचा प्रवाह वाहतो ती जागा. आमच्या दुर्बिणीतून प्रवाह दिसत नाही, तो काही केल्या दिसणार नाही. पण झालर दिसली. गावातली दहा-बारा पोरं जमली. चहावाला येऊन बघून गेला, मग बायकोला घेऊन परत आला. बाबांनी खुर्ची मागून घेतली आणि कागदासमोर बसले. पोरं टिपत होती, तर ते म्हणाले, "मलेबी पेन्सिल द्या." हात थोडा थरथरतो त्यांचा, तरी त्यांनी तो मोठा डाग काढला. जरा मोठाच काढला.

परत येताना गाडीत मुलीनं विचारलं, "बाबा, तुमचा एच-इंडेक्स किती आहे?" तिला हा शब्द कुठून कळला कोण जाणे. मी गाडी चालवत होतो. मागे दोन विद्यार्थी बसलेले. मी म्हटलं, "दोन." आणि मग साडेतीन हजार रुपयांची गोष्ट सांगून टाकली, सगळी, पोरांसमोर. कुणी काही बोललं नाही. बाभूळगाव आल्यावर एकानं विचारलं, "सर, मंग तो लेख काढून टाकता येते का?" मी म्हटलं, छापलेला काढता येत नाही, फॉर्ममधून येतो.

सोमवारी फॉर्म दिला. ऑफिसातल्या बाईंनी पानं मोजली आणि म्हणाल्या, "सर, एक कमी पडून राह्यला." मी म्हटलं, हो, माहीत आहे. "मंग परत येईन बरं." येऊ द्या म्हटलं. परत आला तर पुढच्या वर्षी पुन्हा भरेन, तोवर काही खरं जमलं तर. नाही जमलं तर पगारात जो फरक पडेल तो पडेल. बायकोला हिशेब करून दाखवलाय. ती फार खूश नाही, पण रागावलेलीही नाही. एवढंच म्हणाली की साडेतीन हजाराचं तेव्हा सांगितलं असतंस तर कूलर घेतला असता.

त्या सहा-सात जणांपैकी दोघांना फोन केला. एकानं विषय बदलला. दुसरा म्हणाला, विचार करतो.

पोरांच्या सूर्यडागांच्या रजिस्टरात एक रकाना आहे, "निरीक्षक" असा. तळणीच्या पानावर तिथे बाबांचं नाव घातलंय, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. त्यांनी शेजारी कंसात काहीतरी बारीक अक्षरात लिहिलं होतं. घरी आल्यावर चष्मा लावून वाचलं, तर त्यांच्या आजीचं नाव होतं.